पेन्शन आहेच, मग पगार कमी चालेल का?

फौजेतून पेन्शनवर आलेला हवालदार किंवा सुभेदार चाकण, रांजणगाव, तळोजा अशा औद्योगिक पट्ट्यात नोकरी शोधायला गेला की पगाराच्या बोलणीत एक वाक्य हमखास येते : "तुम्हाला काय, पेन्शन आहेच की!" बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाकडे नसते आणि ऐकणाऱ्यालाही ते पटते. पस्तीस हजार पेन्शन आणि पंचवीस हजार पगार, म्हणजे साठ हजार झाले, गावाकडच्या घराला एवढे पुष्कळ, असा हिशेब मनातल्या मनात होतो आणि नियुक्तीपत्रावर सही होते. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. पेन्शन नव्या कंपनीने दिलेली नाही. माणूस उद्यापासून घरी बसला तरी ती येणारच आहे. नव्या नोकरीचे मोल ठरवायचे तर त्या नोकरीमुळे नव्याने काय हातात पडते आणि तिच्यापायी नव्याने काय खर्चावे लागते, एवढेच तराजूत घालायला हवे. पेन्शन त्या तराजूत घालायचीच नाही. हे सांगायला सोपे आहे, पण करायला बसले की फौजेचा पगार खरोखर किती होता, सीटीसी नावाच्या आकड्याच्या पोटात काय काय असते आणि बारा तासांच्या ड्युटीचा खरा दर किती पडतो, हे सगळे उलगडून पाहावे लागते. पेन्शनवर येणाऱ्या जवानाने हा हिशेब शेवटच्या सहा महिन्यांत, युनिटमध्ये असतानाच करायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

आधी पेन्शनबद्दल. डी. एस. नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 17 डिसेंबर 1982 रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या पीठाचे प्रमुख होते. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची खैरात नाही, ती पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे, हे त्या निकालाने स्पष्ट केले. 17 डिसेंबर हा दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. सैनिकाच्या बाबतीत ही गोष्ट आणखी खोल जाते. सैन्य तरुण राहावे म्हणून जवानाला साधारण पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान घरी पाठवले जाते. 15 वर्षे सेवा झाली की जवान पेन्शनला पात्र होतो, अधिकाऱ्याला 20 वर्षे लागतात. पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या आणि सैनिकी सेवा वेतनाच्या निम्मी असते. आता पाहा, साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या नागरी कर्मचाऱ्याची पेन्शन त्याच्या साठाव्या वर्षीच्या पगारावर ठरते, आणि हवालदाराची एक्केचाळिसाव्या वर्षीच्या पगारावर. मधल्या 19 वर्षांत दर वर्षी तीन टक्क्यांची वेतनवाढ मिळाली असती तर त्याचे मूळ वेतन जवळजवळ पावणेदोन पट झाले असते. ती वाढ त्याला कधीच मिळत नाही. दर पाच वर्षांनी होणारी समान पद समान पेन्शनची फेरआखणी आणि महागाईची वाढ यांमुळे पेन्शन तग धरते, पण न मिळालेल्या वेतनवाढी त्यातून भरून निघत नाहीत. ती तूट दुसऱ्या नोकरीने भरायची असते. मालक जेव्हा पेन्शनकडे बोट दाखवून पगार कमी करतो, तेव्हा देशाच्या गरजेपायी ज्याची कारकीर्द आधीच आखूड झाली त्याच्याकडून तो पुन्हा एकदा कपात करतो.

सरकारने स्वतःच्या नोकऱ्यांत हे तत्त्व बऱ्याच अंशी मान्य केलेले आहे. केंद्राच्या सेवेत पुन्हा नोकरीला लागलेल्या माजी सैनिकाचा पगार ठरवताना, तो अधिकारी पदाखालचा असेल तर त्याची संपूर्ण पेन्शन दुर्लक्षित करायची, असा नियम आहे. पेन्शन किती का असेना, पगार त्या पदाचा जो असेल तो मिळतो. कमिशन घेतलेल्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत मात्र पेन्शनमधले फक्त 15,000 रुपये बाजूला ठेवले जातात आणि उरलेल्याचा विचार होतो. हा भेद मला पटत नाही, पण तो स्वतंत्र विषय आहे. जवान आणि जेसीओ यांच्यापुरते बोलायचे तर जे सरकार करत नाही ते खासगी कंपनीने का करावे, असा प्रश्न बोलणीच्या टेबलावर बेधडक विचारता येतो.

आता फौजेतला पगार. बहुतेक जवानांना आपला पगार म्हणजे बँकेत जमा होणारा आकडा वाटतो आणि इथेच पहिली गफलत होते. एक उदाहरण धरू. सातव्या वेतन आयोगाच्या पाचव्या स्तरातला, 22 वर्षे सेवा झालेला, एक्केचाळीस वर्षांचा हवालदार. मूळ वेतन 39,200 रुपये, सैनिकी सेवा वेतन 5,200. दोन्ही मिळून 44,400. त्यावर जुलै 2025 च्या 58 टक्के दराने महागाई भत्ता 25,752. म्हणजे इतर भत्ते न धरता 70,152 रुपये. यातून फंड आणि समूह विमा कापला जाई, पण ती त्याचीच बचत आणि त्याच्याच घराचे संरक्षण होते. पेन्शनवर आल्यावर मूळ पेन्शन 22,200 आणि महागाई मदत 12,876, असे एकूण 35,076 रुपये. उत्पन्न बरोबर निम्म्यावर आले. हे झाले पैशांचे. जे पैशांत दिसत नव्हते ते वेगळेच. जवानाचे रेशन फुकट, लंगर चोवीस तास पेटलेला. फॅमिली क्वार्टर मिळाले तर भाडे नाही, नाही मिळाले तर घरभाडे भत्ता. दोन मुलांपर्यंत शिक्षण भत्ता, जो महागाई भत्ता 50 टक्क्यांवर पोचल्यानंतर जानेवारी 2024 पासून प्रत्येक मुलामागे महिना 2,812 रुपयांच्या घरात गेला. वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस नैमित्तिक रजा, जाण्यायेण्याला रेल्वे वॉरंट, आजारपणाला मिलिटरी हॉस्पिटल. या एकेका गोष्टीची बाहेरच्या बाजारात किंमत काय, हे वहीच्या एका पानावर लिहून काढले की फौजेचा खरा मोबदला कळतो. सियाचिनसारख्या ठिकाणचा जोखीम भत्ता मात्र या हिशेबात धरू नये. जवानाला महिना 30,000 रुपयांचा तो भत्ता तिथल्या हिमनदीवर काढलेल्या दिवसांचा मोबदला होता. त्याची अपेक्षा पुण्याच्या कारखान्याकडून करणे रास्त नाही.

यावर कोणी म्हणेल, कँटीन तर पेन्शनीतही राहते. खरे आहे, कँटीनचे स्मार्ट कार्ड राहते, वैद्यकीय योजनाही राहते. म्हणूनच यादी करताना दोन रकाने हवेत : काय राहिले आणि काय गेले. जे राहिले त्यासाठी नव्या मालकाकडून काही मागायचे कारण नाही. जे गेले त्याची भरपाई पगारातूनच होणार. घर आणि मुलांची शाळा या दोन ओळी सगळ्यांत जड असतात, आणि नेमक्या याच वयात त्या जड होतात, कारण जवान चाळिशीत बाहेर पडतो तेव्हा त्याची मुले दहावी-बारावीच्या किंवा डिप्लोमाच्या उंबरठ्यावर असतात. पेन्शनर या शब्दाने जो निवांतपणा डोळ्यांपुढे येतो तो साठीतल्या माणसाचा असतो. चाळिशीतल्या पेन्शनरच्या घरी खर्चाची चढण आत्ता कुठे सुरू झालेली असते.

मग कंपनीचे पत्र येते आणि त्यावर एकच ठळक आकडा असतो : वार्षिक सीटीसी 4,80,000. महिन्याचे 40,000 झाले, असे वाटते. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यापायी पडणारा एकूण खर्च, आणि तुमच्या हातात येणारी रक्कम ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. हे पत्र तुकडे करून पाहू. मूळ वेतन निम्मे, म्हणजे 20,000 धरले, तर मालकाचा पीएफचा 12 टक्के वाटा 2,400. ग्रॅच्युइटीपोटी मूळ वेतनाच्या 4.81 टक्के, म्हणजे 962. आरोग्य विम्याचा हप्ता समजा 1,000. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग दहा टक्के, म्हणजे 4,000, आणि तो वर्षाच्या शेवटी मिळाला तर मिळाला. हे सगळे 40,000 मधून वजा केले की 31,638 उरतात. त्यातून स्वतःचा पीएफ 2,400 आणि व्यवसाय कर 200 गेला की खात्यात 29,038 रुपये पडतात. पीएफचे दोन्ही वाटे मिळून 4,800 रुपये ही बचत आहे, ती नोकरीच्या बाजूला प्रामाणिकपणे धरायलाच हवी. ती धरली तर 33,838. हवालदाराच्या उत्पन्नात पडलेली तूट 35,076 होती. म्हणजे चाळीस हजारांची म्हणून सांगितलेली नोकरी रोख पगाराची तूटही पुरती भरत नाही, आणि घरभाडे, रेशन, शाळा यांचा अजून विचारच केलेला नाही. कुटुंब सातारा-कोल्हापूरकडे गावी आणि माणूस चाकणला खोली घेऊन एकटा, अशी स्थिती असेल तर दोन चुली पेटतात. महिना दहा-बारा हजार त्यातच जातात.

या पत्रातल्या काही ओळींवर थांबायला हवे. ग्रॅच्युइटी सीटीसीत दर महिन्याला दाखवली जाते, पण कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षे पुरी झाल्यावर हातात येते. 20,000 मूळ वेतनावर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी 57,692 रुपये होते. चौथ्या वर्षी नोकरी सोडली तर तो आकडा कागदावरच राहतो. फौजेत 22 वर्षांच्या सेवेवर वरच्याच हवालदाराला सुमारे 7 लाख 71 हजार ग्रॅच्युइटी मिळते, कारण तिथे महागाई भत्ताही हिशेबात धरतात. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर असलेल्यांसाठी ही अट एका वर्षावर आणली आहे, आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असेही ठरवले आहे. मूळ वेतन मुद्दाम बारीक ठेवून भत्ते फुगवण्याची जुनी रीत त्यामुळे अवघड होईल. तेव्हा पत्रात मूळ वेतन किती आहे, हे आधी पाहावे, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही त्यावरच उभे असतात. पीएफच्या बाबतीतही एक बारकावा आहे. 15,000 रुपयांहून जास्त मूळ वेतनावर जो प्रथमच पीएफमध्ये येतो त्याला सप्टेंबर 2014 नंतर कर्मचारी पेन्शन योजनेत घेतले जात नाही, मालकाचा सगळा वाटा पीएफ खात्यातच जातो. 15,000 च्या आतल्यांचा 8.33 टक्के वाटा त्या पेन्शन योजनेत जातो, तिथे किमान दहा वर्षे भरावी लागतात, आणि 17 वर्षे पूर्ण भरूनही महिना साडेतीन हजारांच्या आसपासच पेन्शन बसते. बावीस हजारांची मूळ पेन्शन मिळवलेल्या माणसाला हा आकडा चमत्कारिक वाटेल, पण खासगी क्षेत्रातल्या सामान्य कामगाराचे म्हातारपण याच आकड्यावर चालते.

तास हा सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. माजी सैनिकांचा मोठा भाग सुरक्षेच्या कामाकडे वळतो आणि तिथे बारा तासांची ड्युटी सर्रास चालते. 24,000 रुपये पगार ऐकायला बरा वाटतो. आठ तासांचे काम आणि वरचे चार तास दुप्पट दराने ओव्हरटाइम, असा कायद्याला धरून हिशेब केला तर त्या बारा तासांचे मोल सोळा तासांचे होते. म्हणजे 24,000 पैकी आठ तासांच्या वाट्याला आले फक्त 12,000. जो चोवीस हजारांचा हवालदार म्हणून रुजू झाला तो प्रत्यक्षात बारा हजारांचा रखवालदार ठरला. फौजेतही तासांचा हिशेब नव्हता, चोवीस तास ड्युटीच होती, असे यावर उत्तर येते. ते खरेच आहे. पण त्याच चोवीस तासांसाठी सैनिकी सेवा वेतन, 90 दिवसांच्या रजा आणि लवकर सुरू होणारी पेन्शन होती. कारखान्यात कायद्याने मिळणारी भरपगारी रजा वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस, वर्षाला फार तर पंधराच्या आसपास. फौजेची सवय कंपनीला फुकट द्यायचे काही कारण नाही. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाकडे नोंदलेल्या सुरक्षा एजन्सींना केंद्राच्या किमान वेतनाशी जोडलेले दर पाळावे लागतात. एजन्सी तशी नोंदलेली आहे का, हे विचारले तरी निम्मे प्रश्न सुटतात.

आरोग्याच्या बाबतीत मात्र माजी सैनिकाची बाजू भक्कम आहे, आणि तिथे त्याने आपला जोर वापरायला हवा. 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झालेली माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, निवृत्तीच्या वेळी एकदा वर्गणी भरली की त्याला आणि त्याच्या पत्नीला आयुष्यभर पुरते. अवलंबून असलेली मुले आणि आईवडीलही अटींनुसार तिच्यात येतात. कंपनीचा आरोग्य विमा नोकरी सुटली की त्याच दिवशी संपतो. त्यामुळे सीटीसीतला विम्याचा हप्ता इतर उमेदवारासाठी जितका मोलाचा, तितका पेन्शनर सैनिकासाठी नाही. पाच लाखांचा विमा आहे म्हणून पगार थोडा कमी, ही मांडणी त्याने मान्य करू नये. ईसीएचएसचे पॉलिक्लिनिक जिल्ह्याच्या किंवा छावणीच्या ठिकाणी असते, पॅनेलवरचे हॉस्पिटल दूर पडते, रेफरलसाठी हेलपाटे होतात, हा आक्षेप खरा आहे. नोकरीच्या गावापासून पॉलिक्लिनिक किती लांब आहे, हे म्हणूनच नोकरी घेण्यापूर्वी पाहावे. चाकण-पुण्यात ज्याला अडचण नाही त्याला आडवळणाच्या एखाद्या साखर कारखान्यावर ती जाणवेल, आणि तिथे कंपनीच्या विम्याचे मोल वाढेल. उलट आयुर्विम्याच्या बाबतीत सैनिक उघडा पडतो. सेवेत असताना समूह विम्याचे जे मोठे कवच होते ते निवृत्तीनंतर आक्रसते. कंपनी किती रकमेचा आयुर्विमा आणि अपघात विमा देते, हा प्रश्न म्हणून आरोग्य विम्याआधी विचारावा.

काही जण म्हणतील, हा सगळा शहरी हिशेब झाला. गावात स्वतःचे घर आहे, थोडी शेती आहे, आईवडील थकले आहेत. दहा-बारा किलोमीटरवरच्या बँकेत किंवा शाळेत पंधरा-वीस हजारांची नोकरी मिळाली तर चाळीस हजारांच्या पुण्यापेक्षा ती काय वाईट? मुळीच वाईट नाही. वरचाच हिशेब मांडला तर ती बहुधा चांगली ठरेल, कारण घरभाडे नाही, दुसरी चूल नाही, प्रवास नाही, आणि बावीस वर्षे घरापासून लांब राहिलेल्या माणसाला घरी राहण्याचे जे मोल आहे ते त्याचे त्यानेच ठरवायचे. माझा आग्रह कमी पगार घेऊ नये असा नाही. कमी पगार का घेतो आहोत, ते माहीत असावे. घरच्या जवळ राहण्यासाठी पाच हजार सोडले, हा निर्णय झाला. पेन्शन आहे म्हणून पाच हजार सोडले, ती फसगत झाली, कारण त्या पाच हजारांच्या बदल्यात काहीच मिळाले नाही. आणि ती एकट्याची फसगत राहत नाही. एका कारखान्याच्या गेटवर पेन्शनच्या आधारावर कमी पगारात उभा राहणारा माजी सैनिक शेजारच्या, पेन्शन नसलेल्या रखवालदाराचाही भाव पाडतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे : बाजारात फौजेच्या अनुभवाला किंमतच नाही, तर बोलणी करायची कशाच्या जोरावर? यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला बीएचएम किंवा सीक्यूएमएच ही अक्षरे वाचून काही बोध होत नाही. तीच गोष्ट त्यांच्या भाषेत लिहिली तर होतो : शंभरावर माणसांची हजेरी, शिस्त आणि ड्युटी वाटप, अमुक वर्षे कोटींच्या भांडाराचा हिशेब, एकही तूट नाही. ईएमईचा फिटर, सिग्नल्सचा तंत्रज्ञ, आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट, डोंगरी रस्त्यांवर जड वाहन चालवलेला ड्रायव्हर, यांना सुरक्षेच्या नोकरीकडे वळायची गरजच काय? पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम निवृत्तीपूर्वी करता येतात. दहावी उत्तीर्ण आणि 15 वर्षे सेवा झालेल्या जवानाला गट क मधल्या राखीव पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचे प्रमाणपत्रही मिळते. हे प्रमाणपत्र ट्रंकेच्या तळाशी ठेवणारे खूप आहेत. बोलणीचा जोर या कागदांतून येतो, आणि पेन्शनमुळेही येतो, फक्त उलट दिशेने. ज्याच्या घरी महिन्याला पस्तीस हजार येत आहेत त्याला पहिलीच नोकरी घ्यायची घाई नाही. तो सहा महिने थांबू शकतो. नेमकी हीच ताकद आपण विसरतो आणि पेन्शनला आपली कमजोरी करून बसतो.

थांबण्याच्या या काळात हातात आलेल्या रकमांचे काय करायचे, हेही नोकरीच्या निर्णयाला बांधलेले आहे. पेन्शन विकणे, म्हणजे अंशराशीकरण, सैनिकाला निम्म्या पेन्शनपर्यंत करता येते. आपल्या हवालदाराने 11,100 रुपये विकले तर त्याला एकरकमी सुमारे 12 लाख मिळतात आणि पुढची 15 वर्षे दरमहा 11,100 कमी येतात, म्हणजे एकूण 19 लाख 98 हजार. हे साधारण साडेसात टक्के दराच्या कर्जासारखे पडते. मिळालेली रक्कम करमुक्त असते, महागाई मदत मूळच्या पूर्ण पेन्शनवरच मिळत राहते, आणि पेन्शनर मध्येच गेला तर वसुली थांबते. त्यामुळे डोक्यावर महागडे कर्ज असेल किंवा घर बांधायचे असेल तर विकणे शहाणपणाचे. पण बारा लाख खात्यात दिसले की कमी पगाराची नोकरीही चालून जाईल असे वाटू लागते, आणि तेवढ्यात महिन्याची पेन्शन 23,976 वर आलेली असते. नव्या पगाराची तुलना करताना तूट पस्तीस हजारांची नव्हे, शेहेचाळीस हजारांची झाली, हे लक्षात ठेवावे. कराची भीती मात्र या पातळीला अनाठायी आहे. पेन्शन आणि पगार मिळून वर्षाला साडेआठ-नऊ लाख होतात आणि नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत 2025-26 पासून कर लागत नाही. सुभेदार मेजर किंवा अधिकाऱ्याने मात्र दोन्ही उत्पन्ने एकत्र मोजावीत, कारण कंपनी कर कापते तो फक्त तिच्या पगारावर.

सरकारी नोकरीचा मार्ग वेगळा तपासावा लागतो. केंद्राच्या गट क मध्ये दहा टक्के आणि गट ड मध्ये वीस टक्के जागा माजी सैनिकांसाठी आहेत. सार्वजनिक बँकांत आणि उपक्रमांत, अपंग सैनिक आणि शहिदांच्या अवलंबितांसह, हे प्रमाण साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के आहे. तिथे सुरुवात पदाच्या तळापासून होते, हवालदाराला 19,900 च्या मूळ वेतनाचा लिपिक व्हावे लागते, आणि ते अनेकांना झोंबते. पण त्या पगारावर महागाई भत्ता आहे, घरभाडे भत्ता आहे आणि साठ वर्षांपर्यंतची खात्री आहे. एप्रिल 2025 पासूनच्या एकीकृत पेन्शन योजनेत 25 वर्षांच्या सेवेला निम्म्या वेतनाची हमी आहे. बेचाळिसाव्या वर्षी लागलेल्याला 18 वर्षांच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे 36 टक्के. फौजेच्या पेन्शनवर ही दुसरी पेन्शन. चाळीस हजारांच्या सीटीसीपेक्षा हे पुष्कळदा सरस ठरते. एक धोका मात्र ध्यानात असावा. केंद्राच्या नागरी सेवेत राखीव जागेवर एकदा रुजू झाले की पुढच्या नोकरीसाठी माजी सैनिक म्हणून आरक्षण संपते. रुजू होताच, आधी केलेल्या सगळ्या अर्जांची यादी तारखांसह कार्यालयाला दिली, तर तेवढ्या अर्जांपुरता हक्क टिकतो. हा कागद न दिल्यामुळे वरच्या पदाची संधी हातची जाते.

अग्निवीरांसाठी यातला बराचसा हिशेब बदलतो. 2022 मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीस आणि 2027 च्या सुरुवातीला पुरी होतात, आणि त्यांतले 25 टक्क्यांपर्यंत कायम होतील. उरलेल्यांना सेवानिधीचे सुमारे 11 लाख 71 हजार रुपये करमुक्त मिळतील, पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही. चौथ्या वर्षी महिना 40,000 पैकी 28,000 हातात घेणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला पेन्शन आहेच की, असे कोणी म्हणूच शकत नाही. त्याच्यासाठी पहिल्या दिवसापासूनचा पीएफ, कंपनीचा आरोग्य विमा आणि शिकण्याची संधी या तीन ओळी पगाराइतक्याच वजनाच्या आहेत. पीएफ न कापता रोख जास्त देतो, असे सांगणारा मालक त्याला सगळ्यांत महागात पडेल.

पेन्शनवर येणाऱ्या प्रत्येकाला म्हणून सांगणे आहे की पत्रावर सही करण्यापूर्वी सीटीसीची फोड लेखी मागा. मूळ वेतन किती, मालकाचा पीएफ त्याच आकड्यात धरला आहे का, बदलता भाग मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती वाटला गेला, ड्युटी आठ तासांची की बारा, आणि ओव्हरटाइमचा दर काय, एवढे प्रश्न पुरतात. ते पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा आधी पेन्शनवर आलेल्या एखाद्या जाणत्या सुभेदारसाहेबांना दाखवा. खासगी नोकरीच्या बोलणीत पेन्शन किती, असे विचारले तर तो आकडा सांगायची गरज नाही. या कामासाठी दुसऱ्या कोणाला किती दिले असते, एवढेच विचारा आणि तेवढेच मागा.